चहानं दात मजबूत होतात की खराब?

प्रश्न : राजवाड्याजवळ माझं कापडाचं दुकान आहे, वय ५७. सकाळी पोह्यांसोबत एक आणि मग गिऱ्हाईक आलं की कट चहा, असे दिवसाचे सहा तरी होतातच आणि मला गोडच लागतो. मोबाइलवर मेसेज आला की चहात फ्लोराइड असतं, दात किडत नाहीत. बायकोला वाचून दाखवला तर म्हणाली आधी आरशात बघा, दात तपकिरी झालेत. मागच्या एका दाढेत गार पाणी लागलं की कळ पण येते. खरं काय समजायचं? आणि ८ वर्षांचा नातू माझ्या चहात टोस्ट बुडवून खातो, चालेल का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मेसेज अर्धा खरा आहे आणि वहिनींचंही चुकलेलं नाही.

चहाचं झुडूप जमिनीतलं फ्लोराइड ओढून पानांत साठवतं, जून पानांत जास्त, आणि पत्ती उकळली की ते कपात उतरतं, साधारण लिटरमागे १ ते ५ मिलिग्रॅम. शिवाय चहातले पॉलिफेनॉल नावाचे घटक दात किडवणाऱ्या बॅक्टेरियाला दातावर चिकट थर कमी जमवू देतात. म्हणजे फायदा आहे, पण तो बिनसाखरेच्या चहाचा, आणि तुमचा चहा गोड आहे ना, सगळी गडबड तिथेच होते.

साखर तोंडात गेली की बॅक्टेरिया तिचं ॲसिड करतात, पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं जास्त आंबट) ५.५ च्या खाली आला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या कडक बाहेरच्या थरातलं, कॅल्शियम निघायला लागतं, मग लाळ हळूहळू सगळं सावरते पण तिला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. सहा वेळा गोड चहा म्हणजे रोज तीनेक तास दात ॲसिडमध्ये, आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता एकच ग्लास घोट घोट करत पुरवला तर आणखी जास्त. म्हणून मी पेशंटला आधी साखर किती हे विचारतच नाही, किती वेळा ते विचारते. प्रमाणही बघाच, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत हवी, २५ च्या आत तर उत्तम, आणि सहा चहांत दोन-दोन चमचे धरले तर ५० जवळजवळ तिथेच संपतात, जिलबी वेगळीच.

तपकिरी रंग म्हणजे कीडच असं नव्हे हं, बहुतेक ते चहातल्या टॅनिनचे डाग. दुधातलं प्रोटीन टॅनिनला धरून ठेवतं म्हणून दुधाच्या चहाचे डाग कोऱ्या चहापेक्षा कमी पडतात, पण वर्षानुवर्षं सहा-सहा चहा झाले की दिसणारच. क्लीनिंग केलं की निघतात. कृपा करून मीठ, राख, मिश्री किंवा कोळशाची पावडर घासू नका, डागासोबत इनॅमलही जातं आणि ते परत येत नाही.

करायचं काय तर दुकानातले चहा बिनसाखरेचे सांगा, पहिले आठ-दहा दिवस जड जातील, गोड घ्यायचाच तर सकाळच्या पोह्यांबरोबरचा ठेवा. चहा झाला की साध्या पाण्यानं चूळ भरा. लिंबाचा चहा घेत असाल तर तो स्वतःच आंबट, त्यावर लगेच ब्रश नको, अर्धा तास थांबा. आणि फ्लोराइडसाठी चहावर विसंबू नका, फ्लोराइडच्या पेस्टमध्ये ते साधारण १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) असतं, चहात १ ते ५. रात्री झोपताना पेस्टनं ब्रश हवाच. गावी बोअरचं पाणी पीत असाल तर तपासून घ्या, झाबुआ-धारकडे काही ठिकाणी पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे वरून भरपूर चहा म्हणजे आणखी भर, आणि जास्त झालं की तेच फ्लोराइड दात-हाडांना त्रास देतं.

नातवाला मात्र नको. भिजलेला टोस्ट दाढांच्या खाचांत चिकटून बसतो, नुसत्या चहापेक्षा वाईट, आणि त्याच्या पक्क्या दाढा आत्ताच आल्यात.

दाढेचं मात्र चहाशी जोडून सोडून देऊ नका. गार लागून कळ येते म्हणजे कीड आत शिरली असेल किंवा हिरडी खाली सरकली असेल, तपासल्याशिवाय, लागला तर एक्स-रे काढल्याशिवाय, कळणार नाही. आत्ता गेलात तर कदाचित फिलिंगवर भागेल, रात्री आपोआप ठणकायला लागली की बहुतेक वेळा रूट कॅनॉलच करावं लागतं. याच आठवड्यात दाखवून या.