वाचकांचे प्रश्न : फुटबॉलनंतर डार्ट्स

प्रश्न : वय 34. बारा वर्षं मिडफिल्डला खेळलो. नांदेड, कोल्हापूर, पुणे, एक हंगाम मडगाव. ज्या क्लबने बोलावलं तिकडे बॅग उचलून गेलो. गुडघ्याने ते बंद पाडलं. आता डार्ट्सच्या स्पर्धा खेळायच्या आहेत. 20 वर नेम धरला की डार्ट कधी 5 मध्ये जातो, कधी 1 मध्ये. जोर लावला तर आणखीच फाकतो. फुटबॉलचं इथे काही कामाला येईल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : 20 च्या एका अंगाला 5 आणि दुसऱ्याला 1 आहे, त्यामुळे आडवी चूक तिथे फार महागात पडते. ही चूक हातापेक्षा पायातून येते, आणि तुमच्या बाबतीत तर बहुधा नक्कीच. उजव्या पायाने बॉल मारणारा माणूस डावा पाय रोवतो आणि उजवा फिरवतो. उजव्या हाताने डार्ट टाकायचा तर उजवा पाय पुढे येतो आणि अंगाचा जवळजवळ पाऊण भार त्याच्यावर पडतो. बारा वर्षं फिरण्याचं काम केलेल्या पायाला आता खांबासारखं उभं राहायला सांगताय. घोटा डुलतो, कंबर किंचित वळते, आणि अर्ध्या अंशाचा फरक बोर्डापर्यंत जाताजाता दोन सेंटिमीटर होतो. ट्रिपल 20 चा (20 च्या पट्ट्यातल्या तिप्पट गुणांच्या अरुंद चौकटीचा) मध्य ते कड एवढं अंतरही तितकं नाही. (डाव्या पायाचे खेळाडू असाल तर ही अडचण निम्मीच.)

रोज उजव्या पायावर 40 सेकंद उभे राहा. जमलं की डोळे मिटून. दुखरा गुडघा तोच असेल तर आधी फिजिओला दाखवा. खेळतानाही गुडघा पूर्ण ताणून ठेवू नका, स्पर्धेत दोन-तीन तास उभं राहावं लागतं. जाड स्पंजच्या तळव्याचे रनिंग शूज नकोत, भार टाकला की ते दबतात. सपाट, कडक तळव्याचे बरे.

मग मोबाइल स्टुलावर ठेवून बाजूने चित्रण करा आणि फक्त शर्टची कॉलर बघा. डार्ट सुटायच्या आधी कॉलर पुढे सरकत असेल, तर अंग अजून किक मारतंय. 22 ग्रॅमच्या डार्टला कोपरापुढचा हात पुरतो. डार्ट सुटल्यावर हात मध्येच अडवायचा नाही, बोटं निशाणाकडे जाऊ द्यायची.

कामाला येते ती पेनल्टीची शिस्त: तीच पावलं, तोच श्वास, गोंगाट असो नसो. वेल्सचा गर्विन प्राइस व्यावसायिक रग्बी खेळत होता, 2014 मध्ये डार्ट्सकडे वळला आणि 2021 मध्ये विश्वविजेता झाला. तेव्हा वय झालं म्हणून काळजी नको.

खरी मेहनत वजाबाकीची आहे. 501 पासून खाली यायचं आणि शेवटचा डार्ट डबलमध्ये (कडेच्या दुप्पट गुणांच्या रिंगमध्ये) किंवा बुलमध्येच, म्हणजे बोर्डाच्या अगदी मधल्या ठिपक्यातच, लागला पाहिजे. उणे गेलात, 1 उरला किंवा डबलशिवाय शून्य झालं, तर तीन डार्टची ती पूर्ण खेप रद्द होते आणि आधीचा आकडा परत येतो. म्हणून जाणते 32 उरवायला बघतात. डबल 16 हुकून साध्या 16 मध्ये गेला तर 16 उरतात, म्हणजे डबल 8. तोही तसाच हुकला तर डबल 4, मग 2, मग 1. विषम आकडा मध्ये येतच नाही. तीन डार्टमध्ये 170 पर्यंत संपवता येतं, पण 169, 168, 166, 165, 163, 162 आणि 159 नाही. हे सात पाठ असू द्या.

सरावाला एक खेळ घ्या. हातात 27 गुण धरा आणि डबल 1 वर तीन डार्ट टाका. लागेल त्या प्रत्येकाचे 2 मिळवा, एकही नाही लागला तर 2 वजा. मग डबल 2 वर 4 चा हिशोब, असं डबल 20 आणि शेवटी बुलपर्यंत. एकही डबल लागला नाही तर डबल 5 लाच खेळ खल्लास. नुसतं ट्रिपल 20 वर तासभर डार्ट फेकण्यापेक्षा हे बोचतं, म्हणूनच उपयोगाचं.

प्रश्न : बोर्ड भिंतीवर नेमका कसा लावायचा? उन्हाळ्यात त्यावर पाणी मारावं असं कोणी सांगतं. (लातूर)

उत्तर : पाणी अजिबात नको. लाकडी बोर्डांच्या काळातली ती पद्धत. आताचा बोर्ड सिसलच्या तंतूंचा असतो, तो ओलीने फुगतो आणि कायमचा उंचवटा धरतो. बुलचा मध्य जमिनीपासून 1.73 मीटरवर, 20 चा काळा पट्टा वर. जिच्यामागे उभं राहून फेकायचं त्या रेघेचं 2.37 मीटर अंतर बोर्डाच्या तोंडापासून मोजतात. भिंतीपासून मोजलं तर बोर्डाच्या जाडीइतकी, जवळजवळ चार सेंटिमीटर, चूक होते. गवंड्याचा ओळंबा बोर्डाच्या तोंडावरून सोडा, टोक टेकेल तिथून मोजा. बुलपासून रेघेपर्यंत तिरकं माप 2.93 मीटर आलं म्हणजे दोन्ही बरोबर. शहाबादी फरशीवर पडून टोकं बोथट होतात. खाली रबरी मॅट किंवा दुहेरी गोणपाट टाका. बोर्ड अधूनमधून फिरवून आकड्यांची रिंग पुन्हा जागेवर बसवा, म्हणजे 20 चीच जागा झिजत नाही.

प्रश्न : वाळूजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर पितळेचे डार्ट करून घेतले तर? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : शिकायला चालतील. 50 मिलिमीटर लांबीचं 22 ग्रॅमचं पितळी बॅरल (डार्टचा बोटांत धरायचा भाग) साधारण 8 मिलिमीटर जाड होतं. टंगस्टनचं बरंच बारीक असतं, म्हणून ट्रिपलमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या डार्टला जागा उरते. घोळ होतो तो आट्यांत. बाजारातल्या शाफ्टला (बॅरलमागच्या दांडीला) 2 बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे आटे असतात, व्यास 4.7 मिलिमीटर. कारागीर सवयीने एम 5 चा, म्हणजे मेट्रिक 5 मिलिमीटरचा, टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारतो. शाफ्ट बसल्यासारखा वाटतो, पण दहा फेकींत ढिला होऊन फ्लाइट (मागचे पंख) डुलायला लागते. 2 बीए चा टॅप आधी मिळवा, मगच पितळेचा रॉड आणा.