वरच्या थराचं वय

प्रिय ओवी,

तुझा रागावलेला मेसेज ऐकला. मामाच्या गोविंदा पथकाने तुला दहीहंडीच्या सरावात वर घेतलं नाही, कारण तुला अजून चौदा पूर्ण नाहीत. आता तुझं म्हणणं असं, की शरीर माझं, चढणार मी, बाबाने सही केली की झालं. मग सरकारला काय करायचंय? आणि इकडे स्पेनमध्ये, कॅटलोनियात, तू माणसांच्या मनोऱ्यावर चढतेस तेव्हा कुणी तुझा दाखला मागत नाही.

आधी हा नियम कुठून आला ते ऐक. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की हंडी वीस फुटांच्या वर नको आणि अठरा वर्षांखालचं कुणी थरावर नको. सर्वोच्च न्यायालयात जाऊन-येऊन 2016 साली तीच अट कायम झाली. त्या वर्षी दादरला गोविंदांनी रस्त्यावर आडवं झोपून थर लावले, निषेध म्हणून. ठाण्यात एका पक्षाने तर एकोणपन्नास फुटांवर हंडी बांधली. 2017 साली प्रकरण परत उच्च न्यायालयात आलं. तेव्हा राज्य सरकारने कबूल केलं की चौदाच्या खालच्या मुलांना आम्ही घेऊ देणार नाही आणि हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, गाद्या यांचं बघू. थर किती उंच असावेत हे ठरवणं आमचं काम नाही, ते विधिमंडळाने ठरवावं, असं न्यायालय म्हणालं. उंचीची अट गेली, वयाची राहिली, फक्त अठराची चौदा झाली.

मला विचारशील तर हे बरोबरच झालं. गुरुपौर्णिमेपासून रोज रात्री सराव करणाऱ्या पंचवीस वर्षांच्या माणसाला कितव्या थरापर्यंत चढायचं हे न्यायाधीशांनी टेप लावून सांगू नये. 2012 साली ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावले, त्रेचाळीस फुटांच्या वर, गिनीज बुकात नोंद झाली. ते वेडं धाडस असेल, पण त्यांचं होतं. हिमालयात जाणाऱ्याला आपण अडवत नाही.

फक्त 'त्यांचं होतं' हे प्रत्येक वेळी खरं असतं का, इथे मी अडखळतो. लाखांची बक्षिसं, स्टेजवर नेते, चौकभर बॅनर. पोरं सकाळी ट्रकमध्ये बसतात आणि रात्रीपर्यंत या हंडीवरून त्या हंडीवर जातात. पावसात भिजलेली, दमलेली. तिसऱ्या-चौथ्या ठिकाणी पाय थरथरत असले तरी 'आज नको' म्हणणं सोपं नसतं, कारण बक्षिसावर सगळ्या गल्लीचा डोळा असतो. 2022 साली सरकारने याला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि थरावरून पडून कुणी गेलं तर घरच्यांना दहा लाख जाहीर केले. गरजेचं आहे, नाही म्हणत नाही. पण बक्षीस लावणाऱ्यावर जेवढी सक्ती व्हायला हवी तेवढी मला अजून दिसत नाही.

आता तुझं. एक्का म्हणून, म्हणजे सगळ्यात वरच्या थरावर, सगळ्यात हलकं मूल लागतं, म्हणजे लहानच मूल लागतं. खाली शंभर जण वर बघतायत, ढोल वाजतोय, अशा वेळी बारा वर्षांच्या मुलीचा होकार मी पूर्ण होकार धरत नाही. तिच्या बापाचाही नाही, कारण टाळ्या त्यालाही ऐकू येत असतात. म्हणून सही चालली असती तरी मी पाठवली नसती.

मग इकडे कशी देतोस, असं तू विचारणारच. इकडेही अपघात झालाय. 2006 साली इथल्याच मातारो शहराच्या पथकातली बारा वर्षांची मुलगी मनोऱ्यावरून पडून दगावली. त्यानंतर लहान मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं, आणि ते पथकांच्या संघटनेनेच आणलं. तुझ्या डोक्यावरचं तेच. शिवाय खाली जी माणसांची दाट गादी असते तिला इथे 'पिन्या' म्हणतात, मोठ्या मनोऱ्याला त्यात शेकडो माणसं लागतात. आणि मनोरा नीट उतरवला नाही तर तो पूर्ण धरतच नाहीत. आपल्याकडे सलामी देणारी, म्हणजे हंडी न फोडता नुसते थर लावून दाखवणारी पथकं थर शिस्तीत उतरवतात, पण हंडी फुटली की बहुतेक वेळा सगळे एकमेकांवर कोसळतात आणि त्यालाच जल्लोष म्हणतात. मला लहानपणी ते फार आवडायचं, अजूनही आवडतं, पण त्यात सगळ्यात वर तू नको.

पथकांनी आपणहून एवढी काळजी घेतली असती तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती. ती घेतली नाही, म्हणून सरकार तुझ्यापर्यंत आलं. तू चौदाची झालीस की आपण पुन्हा बोलू, आणि तेव्हा कदाचित तूच मला हरवशील.

तोवर हंडीच्या दिवशी एक काम कर. थर लागायच्या आधी खाली गाद्या आहेत का बघ, अ‍ॅम्ब्युलन्स कुठे उभी आहे ते बघ, आणि नसेल तर मामाला सांग की इथे थर लावू नका, पुढच्या चौकात चला. तो कुरकुर करेल. आजीला पुढे कर.

तुझा,
बाबा