कोकणात किनाऱ्यावर कमी बजेटमध्ये चार दिवसांचं शूट करायचं आहे, नियोजन कसं करावं?

जानेवारी महिना, दापोली-गुहागर पट्टा, दहा-बारा जणांचं युनिट आणि सूर्यास्ताचा एक मोठा सीन, एवढं तुम्ही सांगितलंय. बाहेरून येणाऱ्या युनिटचं लोकेशनचं काम मी याच पट्ट्यात बघतो. कॅमेरा कुठला घ्यायचा ते नंतर ठरवा, आधी पंचांग उघडा.

खरंच सांगतोय. आमच्याकडे जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. म्हणजे अष्टमीला ऐन सूर्यास्ताला पाणी वर आलेलं असतं आणि ट्रायपॉड लावायला अरुंद पट्टी उरते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास त्याच वेळी सुकती, म्हणजे ओहोटी असते, रुंद ओली वाळू मिळते आणि तिच्यात आख्खं आभाळ दिसतं. तुमचा सीन तिथे बसवा. हा झाला अंदाज. पक्क्या वेळेसाठी त्याच जागेचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा, मुंबईचा चालणार नाही. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. पहिल्या आणि चौथ्या दिवसात अडीच तासांचा फरक पडतो, म्हणून किनाऱ्यावरचा एक सीन दोन दिवसांत तोडू नका. मागचं पाणी जुळणार नाही.

आणि शक्यतो उतरत्या पाण्यावर शूट करा. पाणी मागे सरकतं तशी दर टेकला नवी, पाऊलखुणा नसलेली वाळू मिळत जाते. चढत्या पाण्यावर उलट होतं, दर वीस मिनिटांनी सामान मागे ओढत बसावं लागतं. मास्टर शॉट, म्हणजे सगळा सीन एका रुंद फ्रेममध्ये घेतलेला, आधी उरका, क्लोजअप नंतर वर कोरड्या वाळूतही होतात. गाडी ओल्या वाळूत घालू नका, ड्रायव्हर कितीही छाती ठोकून सांगू दे.

किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन डोंगराकडून, माडांच्या मागून येतं, त्यामुळे समुद्र मागे ठेवून चेहरे घ्यायचे असतील तर ते सकाळी घ्या. चारनंतर सगळं बॅकलाइट. सकाळी वाराही कमी असतो, म्हणून संवादाचे सीन तेव्हाच. दुपारनंतर खारे वारे सुटले की स्किमरचं, म्हणजे ऊन मऊ करायला फ्रेमवर ताणलेल्या कापडाचं, शीड होतं. चार माणसं धरून असली तरी मी ती फ्रेम उतरवायला लावतो. लाटांचा आवाज मात्र टेकागणिक बदलतो; पॅकअपआधी नुसत्या समुद्राचा पाच मिनिटांचा ट्रॅक घेऊन ठेवा, एडिटर दुवा देईल.

खारं तुषार डोळ्यांना दिसत नाही. तासाभरात फिल्टरवर धुरकट थर बसतो, आणि असिस्टंट तो कोरड्या फडक्याने पुसतो तेव्हा मिठाचे कण काचेवर घासले जातात. आधी डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेलं कापड, मग कोरडं. लेन्स किनाऱ्यावर बदलू नका. एसी खोलीतून कॅमेरा काढताना बॅग बंदच ठेवा, आतला कॅमेरा बाहेरच्या हवेइतका कोमट झाला की मगच उघडा, नाहीतर काचेवर दव धरतं. रात्री ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा.

मॉनिटरचा तंबू माडाखाली लावायचा मोह होतो, सावली असते ना. वाडीमालकाला सांगून पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, बोलवा आणि तयार नारळ आधी उतरवून घ्या.

आता माणसं. सरकारच्या एक खिडकी योजनेतून ऑनलाइन परवानगी मिळाली तरी ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन या. त्याहून महत्त्वाचे रापणकर, म्हणजे रापण हे मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढणारे मच्छीमार. रापण ओढायला घेतली की ती तुमच्या ‘अॅक्शन’साठी थांबत नाही, थांबूही नये, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. आदल्या संध्याकाळी विचारा की जाळं कुठे लागणार, आणि फ्रेम दोनशे पावलं सरकवा. ग्रामदेवतेला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं की नाही हा श्रद्धेचा भाग, पण मुहूर्ताला गावातली चार माणसं उभी राहिली की पुढचे चार दिवस दोरी, होडी, शिडी मागताच मिळते.

सुवर्णदुर्गावर जायचा हट्ट सोडा. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, परवानगीला वेळ लागतो. हर्णैच्या किनाऱ्यावरून तो मागे छान दिसतो. फक्त मासळीच्या लिलावाची वेळ टाळा, तेव्हा साउंड मिळत नाही. ड्रोनसाठी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळाच्या नकाशावर तुमचा भाग कोणत्या रंगात आहे, म्हणजे उडवायला मोकळा आहे की परवानगी लागते, ते आधी तपासा.

रात्रीचा सीन किनाऱ्यावर असेल तर जानेवारीत नकोच. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे तेव्हा ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला वर येतात आणि लाइट दिसला की परत फिरतात. तो सीन वाडीतल्या अंगणात लिहून घ्या, जनरेटरचं भाडंही वाचेल.