पॉलिसीचं नंतर बघू, आधी भावाचं नाव पेन्शनला लावा

पुण्याच्या एका वाचक भगिनींचं (वय 44) पत्र आहे. धाकटा भाऊ 39 वर्षांचा, बाविसाव्या वर्षापासून स्किझोफ्रेनिया, भुसावळला आईजवळ राहतो. रेल्वेतून निवृत्त झालेले वडील आता नाहीत. आईला (वय 72) महिना 24 हजार फॅमिली पेन्शन मिळते. भावासाठी बँकेतून 'गॅरंटीड इन्कम' पॉलिसी घेतली, दीड लाखाचे दोन हप्ते भरले. अजून एक घ्यावी का? शिवाय 'दिव्यांग प्रमाणपत्र काढलेलं नाही, आईला शिक्का नको. नवं औषध लागू पडतंय, दोन वर्षांत तो नोकरीला लागेल.'

दुसरी पॉलिसी घेऊ नका. पण मी अडलो ते प्रमाणपत्राच्या वाक्याशी.

आईंच्या मागे पेन्शन बंद होणार, असं तुम्ही धरूनच चाललाय. मानसिक आजारामुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलाला रेल्वेची फॅमिली पेन्शन हयातभर मिळू शकते, महागाई भत्त्यासकट. 24 हजार म्हणजे वर्षाला 2.9 लाख. तेवढं व्याज 7 टक्क्यांच्या एफडीतून काढायला 41 लाख लागतील, आणि ते व्याज महागाईबरोबर वाढणार नाही. असली पॉलिसी कोणती बँक विकते, मला कळवा.

तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. पेन्शनसाठी कोणत्या मेडिकल बोर्डाचा दाखला लागेल, हे रेल्वेच्या कार्यालयात आधीच विचारा, म्हणजे दोनदा हेलपाटे नकोत. वडील नोकरीत असतानाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या शोधून ठेवा. आजार जुना आहे याचा तोच पुरावा. मग पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या मंजुरी आदेशात, भावाचं नाव घालायचं आणि त्याच्या वतीने पेन्शन घेणारी पालक म्हणून आईंनी तुमचं नाव द्यायचं. हे आई आहेत तोवर. ठरावीक दिव्यांगांसाठी पालक नेमणाऱ्या सरकारी नॅशनल ट्रस्टचं पालकत्व स्किझोफ्रेनियाला लागू नाही, त्यामुळे मागाहून कोर्टाच्या खेपा सुरू होऊ शकतात.

शिक्क्याचं म्हणाल, तर प्रमाणपत्र फाईलमध्ये राहतं, दारावर लावायचं नसतं. भाऊ कमावता झाला तर आनंदच आहे, तेव्हा पेन्शनवर हक्क सांगू नका. पण सतरा वर्षांच्या आजारानंतर सगळा हिशेब त्या दोन वर्षांवर टांगू नका. जुन्या करप्रणालीत असाल आणि त्याचा खर्च मुख्यतः तुम्हीच करत असाल, तर 40 टक्के दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर तुमच्या करपात्र उत्पन्नातून 75 हजारांची वजावट मिळते. 80 टक्क्यांना सव्वा लाख.

आता ती पॉलिसी. दहा वर्षं दीड लाख भरा, बाराव्या वर्षानंतर दहा वर्षं 2.7 लाख घ्या. '15 लाखांचे 27 लाख' ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक हप्ता बारा वर्षांनी 1.8 पट होऊन परत येतो. म्हणजे जेमतेम 5 टक्के. 7 टक्क्यांनी त्याच दीड लाखाचे 3.4 लाख झाले असते. पॉलिसी सरेंडर केल्यावर, म्हणजे मध्येच मोडल्यावर, किती मिळेल ते बँकेकडून लेखी घ्या; मी असतो तर तिसरा हप्ता भरला नसता. तुमचं काही बरंवाईट झालं तर भावाला आधार हवा म्हणून साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा, घ्या. पण नॉमिनी म्हणून थेट त्याचं नाव घालण्याआधी वकिलाकडून मृत्युपत्र आणि ट्रस्टचं बघून घ्या, नाहीतर विम्याचे, समजा, एक कोटी त्याच्या खात्यात पडतील आणि दुसऱ्या दिवशी हाच बँकवाला त्याच्यासमोर फॉर्म घेऊन बसेल.