बिळे पाहायला शिकताना

कोणते बीळ कोणाचे हे ओळखायला शिकण्यासाठी आपण खानापूरकडच्या भातशेतीतून सुरुवात करणार आहात, हे उत्तमच. सुगीनंतर बांध उघडे पडतात आणि बिळे सहज दिसतात.

बिळात हात किंवा काठी कधीही घालू नये. नाग स्वतः बीळ खोदत नाही, तो उंदराच्या बिळात किंवा वारुळात शिरून राहतो. म्हणून बीळ कोणी खोदले आणि आज आत कोण आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि नवखे बहुधा इथेच चुकतात.

तोंडाशी कोळ्याचे जुने जाळे असेल, तर वाट वापरात नसावी. भुसभुशीत ताज्या मातीने तोंड बुजवलेले दिसले, तर ते बहुधा लहान घुशीचे असते. ती आत भाताच्या लोंब्या साठवते. ओल्या बांधावर चिखलाच्या गोळ्या रचलेल्या असतील, तर खेकडा. रानालगतच्या मोठ्या बिळापाशी काळे-पांढरे काटे किंवा दातांच्या खाचा असलेले हाड सापडले, की साळिंदर समजावे. कॅल्शियमसाठी ते हाडे कुरतडते.

उकरून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. साळिंदराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि उकरलेले घर पुन्हा पाहायला मिळत नाही. एकच बीळ निवडा, महिनाभर रोज सकाळी लांबूनच पाहून नोंद ठेवा.