विमानातलं सॉफ्टवेअर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सी भाषा चांगली येते, मायक्रोकंट्रोलरवर दोन प्रोजेक्ट केलेत. विमानातल्या संगणकांचं काम यापेक्षा वेगळं कसं? (पुणे)

कोड लिहिणं हा या कामाचा लहानसा भाग आहे. बाकीचा वेळ तो कोड बरोबर आहे याचा पुरावा उभा करण्यात जातो. विमानातल्या सॉफ्टवेअरसाठी असलेलं २०११ सालचं डीओ-१७८सी हे मानक सॉफ्टवेअरचे ए ते ई असे स्तर मानतं. ज्याच्या बिघाडाने विमानच कोसळू शकतं, ते ए. ज्याचा सुरक्षिततेवर काहीच परिणाम नाही, ते ई. ए स्तराला ७१ उद्दिष्टं पूर्ण करावी लागतात, डी स्तराला २६. ए स्तरावर त्यांतल्या अनेक गोष्टी कोड लिहिणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याच माणसाने तपासायच्या असतात.

सवयी बदलाव्या लागतील. चालू प्रोग्रॅममध्ये मॅलॉक (ऐनवेळी मेमरी मागणारं सी भाषेतलं फंक्शन) वापरत नाहीत, कारण ती मिळेलच याची खात्री देता येत नाही. रिकर्जन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं, टाळतात, कारण स्टॅक (फंक्शनांच्या कामासाठी लागणारी मेमरी) किती वाढेल हे आधी सांगता आलं पाहिजे. प्रत्येक कामाला जास्तीत जास्त किती वेळ लागेल, हेही मोजून दाखवावं लागतं.

आजच करण्यासारखं: तुमचा जुना प्रोजेक्ट काढा. त्याच्या रिक्वायरमेंट (त्याने नेमकं काय करायला हवं) क्रमांक देऊन लिहा आणि प्रत्येक फंक्शनसमोर तो कोणत्या क्रमांकासाठी आहे ते मांडा. ज्या फंक्शनला क्रमांकच मिळणार नाही, तिथे थांबून विचार करा. मुलाखतीत हा कागद चकचकीत डेमोपेक्षा जास्त बोलतो.

प्रश्न: बोइंग ७८७ ठरावीक दिवसांनी बंद करून चालू करावं लागायचं म्हणे. खरं आहे का? (नाशिक)

खरं आहे. २०१५ साली अमेरिकेच्या एफएए या हवाई नियामक संस्थेने तसा आदेशच काढला होता. जनरेटरवर नियंत्रण ठेवणाऱ्या युनिटांचा वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिला, तर त्यांच्यातला एक काउंटर भरून वाहायचा आणि युनिट फेलसेफमध्ये जायचं, म्हणजे सुरक्षिततेसाठी आपलं काम थांबवायचं. चारही युनिटं एकाच वेळी सुरू झालेली असतील तर चारही एकाच वेळी जायची आणि विमानाची सगळी एसी (अल्टरनेटिंग करंट) वीज बंद पडू शकायची, मग विमान उड्डाणाच्या कोणत्याही टप्प्यावर असो.

२४८ हा आकडा कुठून येतो, याचा हिशेब वहीत करून पाहा. सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारा, चिन्हासहित ३२ बिटांचा काउंटर घ्या. तो २,१४७,४८३,६४७ पर्यंत जातो. भागिले १००, भागिले ८६,४००: साधारण २४८.५५ दिवस.

काही तासांच्या चाचणीत अशी चूक दिसणं शक्यच नाही. ती रिव्ह्यूमध्ये, म्हणजे कोड वाचून तपासताना, पकडावी लागते. कोणताही काउंटर समोर आला की ‘हा कधी भरेल आणि भरल्यावर काय होईल?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ‘सुरुवात अधिक मुदत यापेक्षा आत्ताचा आकडा मोठा आहे का?’ अशी तुलना काउंटर भरताना फसते. चिन्हरहित प्रकार घेऊन ‘आत्ताचा वजा सुरुवातीचा’ हा फरक मुदतीशी ताडला, तर काउंटर पुन्हा शून्यावर आला तरी उत्तर बरोबर येतं. अट एकच, मोजायचा काळ काउंटरच्या पूर्ण फेरीपेक्षा कमी हवा.

आणि राखीव युनिटावर विसंबू नका. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात ६४ बिटांचा अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात मावला नाही. कोड एरियान ४ साठी लिहिलेला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग फार लवकर वाढत होता. राखीव संगणक मुख्य संगणकाच्या साधारण ०.०५ सेकंद आधीच बंद पडला होता, कारण त्यातही तोच कोड होता. तीच चूक दोनदा बसवून सुरक्षितता दुप्पट होत नाही.

प्रश्न: एमसी/डीसी कव्हरेज म्हणजे नक्की काय? (बंगळुरू)

कव्हरेज म्हणजे चाचण्यांनी कोडचा किती भाग तपासला याचं माप. एमसी/डीसी (मॉडिफाइड कंडिशन/डिसिजन) हा त्याचा ए स्तरावर लागणारा प्रकार. समजा, अट अशी आहे: लिव्हर सज्ज आहे, आणि (चाकांवर भार आला आहे किंवा चाकं फिरताहेत), तरच स्पॉइलर (पंखांवरच्या, उतरल्यावर विमानाची उचल कमी करणाऱ्या झडपा) उघडा. तीन घटकांच्या आठ जोडण्या होतात. ए स्तरावर प्रत्येक घटक एकट्याने निकाल बदलतो हे दाखवायचं असतं, आणि त्याला इथे चार चाचण्या पुरतात. याच क्रमाने, हो-हो-नाही: उघडतात. नाही-हो-नाही: उघडत नाहीत. हो-नाही-नाही: उघडत नाहीत. हो-नाही-हो: उघडतात. पहिली-दुसरी जोडी लिव्हरसाठी, पहिली-तिसरी भारासाठी, तिसरी-चौथी फिरण्यासाठी.

गडबड होते ती कव्हरेज भरण्यासाठी कोड बघून चाचण्या लिहिल्या की. चाचणी रिक्वायरमेंटवरूनच लिहायची. तरीही एखादी ओळ चालली नाही, तर चाचणी अपुरी आहे, रिक्वायरमेंट लिहायची राहिली आहे, किंवा ती ओळ मुळात नको आहे. यातलं कोणतं, हे ठरवल्याशिवाय नवी चाचणी जोडू नका.