वाचकांचे प्रश्न : आकाशाचे फोटो

प्रश्न : जुना डीएसएलआर, ५० मिमी एफ/१.८ लेन्स आणि साधा ट्रायपॉड आहे. मृग नक्षत्रातला तेजोमेघ टिपायला ३० सेकंदांचं एक्स्पोजर (सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) दिलं. ताऱ्यांच्या रेघा उमटल्या, आकाश नारिंगी आलं. दुर्बिणीशिवाय हे जमेल का? (सोलापूर)

उत्तर : नक्की जमेल. फक्त सगळा प्रकाश एकाच फोटोत गोळा करायचा हट्ट सोडा. खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या वृत्ताजवळचा) तारा सेकंदाला १५ विकला सरकतो (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), आणि मृगाच्या पोटातला बाण जवळजवळ त्याच वृत्तावर आहे. पिक्सेल ४ मायक्रॉनचा धरला तर तुमच्या लेन्सवर एका पिक्सेलमध्ये साधारण १६ विकला मावतात. म्हणजे तारा सेकंदाला जवळपास एक पिक्सेल पुढे जातो आणि ३० सेकंदांत २७-२८ पिक्सेलची रेघ उमटते. किती सेकंद चालतील हे सांगणाऱ्या '५०० भागिले फोकल लेंग्थ' (लेन्सवरचा मिमीचा आकडा) या जुन्या नियमाने क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा दीडएक पट लहान सेन्सरवर) सहा-सात सेकंद मिळतात, पण आताच्या बारीक पिक्सेलना तेही जास्त होतात. ४ सेकंद ठेवा आणि असे ३०० फोटो घ्या.

ते रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) घ्या. आयएसओ १६००, छिद्र एफ/२.८, पूर्ण उघडलं तर कडेच्या ताऱ्यांना पंख फुटतात. ऑटोफोकस बंद करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) व्याध १० पट मोठा करून ठिपका सगळ्यात बारीक होईपर्यंत रिंग केसभर केसभर फिरवा आणि मग तिच्यावर चिकटपट्टी लावून टाका. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. २० मिनिटांत मृग ५ अंश सरकतो, म्हणून मध्ये एकदा चौकट पुन्हा जुळवा. शेवटी तिथेच, सेन्सर त्याच तापमानाला असताना, लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर २० डार्क फ्रेम (सेन्सरचे स्वतःचे डाग वजा करण्यासाठीचे काळे फोटो) घ्या. घरी आल्यावर घेतलेल्या डार्कचा फारसा उपयोग होत नाही.

मग फोटो एकत्र करायला डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल हे सॉफ्टवेअर वापरा, दोन्ही फुकट आहेत. ते तारे एकावर एक बसवून फोटोंची सरासरी काढतात. ३०० फोटोंत तेजोमेघाचा प्रकाश ३०० पट साठतो, पण गोंगाट (फोटोतले यादृच्छिक दाणे, इंग्रजीत नॉइज) १७ पटच वाढतो, कारण तो वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतो. एकेका फोटोत न दिसणारा मेघाचा गुलाबी पंख वर येतो तो यामुळेच. नारिंगी छटा शहराच्या दिव्यांची. सिरिलमधल्या पार्श्वभूमी काढण्याच्या सोयीने ती बरीच जाते, पण दिव्यांमुळे आलेला गोंगाट मागे राहतो. म्हणून मृग डोक्याजवळ असतानाच टिपा : जानेवारीअखेर, रात्री सव्वानऊच्या आसपास, अमावास्येजवळ.

प्रश्न : स्मार्ट दुर्बीण स्वतः लक्ष्य शोधते, पण वस्तू डोक्यावर आली की अर्ध्याअधिक फ्रेम टाकून देते. बिघाड आहे का? (पुणे)

उत्तर : बिघाड नाही, भूमितीचा प्रश्न आहे. ही दुर्बीण वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरते, त्यामुळे लक्ष्य मध्यभागी राहिलं तरी भोवतीचं क्षेत्र गोल फिरत असतं आणि कडेचे तारे पुसट झालेल्या फ्रेम ती टाकून देते. पुण्याहून क्षितिजापासून ८० अंश उंचीवर, उत्तर किंवा दक्षिण दिशेला, ते तासाला सुमारे ८० अंश फिरतं. ५० अंशांवर सुमारे २२. नेमक्या पूर्वेला किंवा पश्चिमेला मात्र फिरणं जवळजवळ थांबतं. म्हणून वस्तू ३० ते ६० अंशांत, पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे असताना घ्या आणि एक्स्पोजर १० सेकंदच ठेवा. ट्रायपॉड पाणसळीने सपाट करा. दव पडणाऱ्या रात्री काच गरम ठेवणारा हीटर सुरुवातीपासूनच चालू ठेवा. काच एकदा ओली झाली की उशीर झालेला असतो.

प्रश्न : अशा फोटोंचा संशोधनाला काही उपयोग? (नाशिक)

उत्तर : आहे. ययाती (पर्सियस) तारकासमूहातला अल्गोल, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची जोडी, दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी २.१ वरून ३.४ प्रतीपर्यंत मंदावतो (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद), आणि मंद तारा तेजस्वी ताऱ्याला झाकतो ते ग्रहण सुमारे १० तास चालतं. तुमचाच डीएसएलआर यासाठी पुरतो. फोकस जरा बिघडवा, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाने पिक्सेल काठोकाठ भरून मोजमाप बिघडणार नाही, आणि रॉमधल्या हिरव्या चॅनेलवर शेजारच्या ताऱ्याशी तुलना करून प्रत मोजा. उजळवलेल्या जेपीईजीवर मोजमाप कधीच करू नका. अशा नोंदी १९११ पासून काम करणारी अमेरिकेतली एएव्हीएसओ ही संस्था हौशी निरीक्षकांकडून स्वीकारते. नोंदीसोबत वेळ वैश्विक प्रमाणवेळेत द्या, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून.